यादीत एकच बाई दोनदा कशी येते?

मागच्या भागात गटाचा वर्षाचा हिशेब कसा वाचायचा ते आपण पाहिलं. त्यानंतर पुष्कळ जणींचा एकच प्रश्न आला: "आम्ही गटात अकरा जणी, मग संगणकाच्या यादीत बारा नावं कशी?" आजचा भाग त्या बाराव्या नावाचा. विषय संगणकाचा आहे, पण म्हणून रेडिओचं बटण फिरवू नका. भाकरी थापता थापता कळेल असंच सांगणार आहोत.

आमचं काम माण आणि आटपाडी या तालुक्यांच्या शिवेवर, म्हणजे सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत. दर मार्चला आम्ही समन्वयिका संगणकावरच्या याद्या छापून घेतो आणि गावोगावच्या हजेरी वह्यांशी ताडून बघतो. दरवर्षी काही नावं जादा निघतात. सुरुवातीला आम्ही त्यांना हसून 'भुतं' म्हणायचो आणि ऑपरेटरला सांगायचो, काढून टाक. हे किती चुकीचं होतं ते एका काकूंमुळे कळलं.

काकू विधवा आहेत, गावात खालच्या आळीला राहतात. त्यांनी शेळ्यांसाठी चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. गटाने ठराव केला, कागद वर गेले आणि परत आले. कारण लिहिलं होतं, या सभासदाकडे आधीचं कर्ज थकीत आहे. काकू आमच्यासमोर बसून म्हणाल्या, "ताई, मी कर्ज काढलंच न्हाई, तर फेडू काय?" आम्ही यादी बघितली. नाव त्यांचंच, गाव त्यांचंच, कर्जही दिसत होतं. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी आमच्यातल्या दोघींना वाटलं, काकू विसरल्या असतील. याची आजही लाज वाटते. काकूंचं पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी संगणक आपली वही कशी ठेवतो ते समजून घेऊ.

आपल्या गटात एकाच वहीत सगळं असतं. बाईचं नाव, पुढे महिन्याची बचत, खाली कर्जाचा हप्ता. संगणकात तसं नसतं. तिथे सभासदांचं एक कोष्टक, बचतीचं दुसरं, कर्जाचं तिसरं, गटांचं चौथं. तुमचं नाव फक्त पहिल्या कोष्टकात एकदाच लिहायचं आणि तुम्हाला एक क्रमांक द्यायचा. बचतीच्या आणि कर्जाच्या कोष्टकांत नाव नसतंच, तिथे फक्त तुमचा क्रमांक असतो. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने ही पद्धत मांडली. बँकेपासून रेशनपर्यंत आज जिथे जिथे आपलं नाव नोंदलं जातं, तिथे बहुतेक हीच पद्धत चालते. नाव एका जागी, बाकी सगळीकडे क्रमांक. म्हणजे क्रमांक चुकला की बचत एकीची आणि पासबुक दुसरीचं, असा घोळ होतो.

आता जादा नाव दिसलं तर सगळ्यात आधी एक गोष्ट विचारायची: हे नाव कोष्टकातच दोनदा आहे, की फक्त छापलेल्या यादीत दोनदा आलंय? हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. समजा सुनीता पवार या बाईंची सभासद म्हणून एकच नोंद आहे, पण त्यांनी दोन कर्जं घेतली आहेत. एक शिलाई मशीनसाठी, एक मुलीच्या फीसाठी. यादी काढताना ऑपरेटरने सभासदांचं कोष्टक कर्जाच्या कोष्टकाला जोडलं, तर सुनीताताई दोनदा छापल्या जाणार, कारण कर्जाच्या दोन ओळी आहेत. इथे कोष्टकात काही बिघडलेलं नाही, यादी काढायची रीत चुकली. त्यात आणखी बचतीची बेरीज त्याच यादीवरून घेतली की ती दुप्पट होते आणि आपण गावात जाऊन म्हणतो, "ताई, तुमची बचत जास्त दिसतेय." पटकन तपासायची खूण अशी: दोन्ही ओळींवरचा सभासद क्रमांक बघा. क्रमांक एकच असेल तर बाई एकदाच नोंदलेली आहे, यादीची दुरुस्ती करा. क्रमांक वेगवेगळे असतील तर नोंद खरोखर दोनदा पडली आहे. काही ऑपरेटर 'डिस्टिंक्ट' असा एक शब्द घालून यादी साफ करून देतात. त्याने दोनदा दिसणं थांबतं, पण आतला घोळ झाकला जातो. आम्ही तो घालू देत नाही.

नोंद खरोखर दोनदा पडते ती कशी? एक कारण तुम्ही रोज बघता, ते म्हणजे रेंज. आमची सखी डोंगराकडेच्या वस्तीवर मोबाईलमध्ये नाव भरते आणि सेव्हचं बटण दाबते. वरचं चक्र फिरतच राहतं. नोंद सर्व्हरपर्यंत पोचलेली असते, फक्त 'पोचली' हा निरोप परत येईपर्यंत रेंज जाते. तिला वाटतं गेलंच नाही, ती पुन्हा दाबते. झाल्या दोन नोंदी, एकाच मिनिटातल्या. अशा जोड्या वेळेवरून लगेच सापडतात. यावर कायमचा उपाय म्हणजे फॉर्म उघडतानाच मोबाईलने त्याला एक क्रमांक द्यायचा. तोच फॉर्म पुन्हा आला तर सर्व्हर ओळखतो आणि दुसरा ठेवत नाही. हे काम ॲप करणाऱ्यांचं आहे, पण मागायचं आपण.

दुसरं कारण नावाची अक्षरं. इंग्रजीत भरताना एक जण पवार डब्ल्यूने लिहितो, दुसरा व्हीने. सारखी वाटणारी नावं शोधायला सर्व्हरमध्ये साउंडेक्स नावाची जुनी युक्ती असते. अमेरिकेत १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं आणि तिथल्या जनगणनेतली नावं लावायला ती वापरली गेली. आम्ही मोठ्या आशेने ती लावून बघितली. पण ती इंग्रजी कानांची. तिच्या हिशेबात डब्ल्यू सोडून द्यायचा आणि व्ही मोजायचा, त्यामुळे एकाच पवारांचे दोन वेगळे संकेत निघाले. आपल्याकडे पवारच सापडत नसतील तर ती युक्ती काय कामाची!

मराठीत लिहिलं म्हणजे सुटलो, असंही नाही. कऱ्हाड घ्या. एक तर गावच कराड आणि कऱ्हाड असं दोन्ही प्रकारे लिहितात. त्यात 'ऱ्ह' हे अक्षर संगणकावर दोन पद्धतींनी उमटतं. एका कळफलकावर ऱ आणि हलन्त येतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात. संगणकाला मात्र ही दोन वेगळी गावं वाटतात. आडनाव गोऱ्हे असेल तरी तेच. दोन नोंदींत काडीचाही फरक दिसत नसेल आणि तरी शोधताना एकच सापडत असेल, तर नाव पुन्हा आपल्या हाताने टाइप करून बघा. बऱ्याच वेळा 'भूत' तिथेच पकडलं जातं.

गावांच्या नावांची गंमत आणखी आहे. बुद्रुक आणि खुर्द आपल्याला पाठ असतात, पण भरताना एक जण 'बु॥' लिहितो, एक जण 'बुद्रुक', तिसरा काहीच लिहीत नाही. सांगली जिल्हा १९४९ मध्ये झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं, त्यामुळे घरातल्या जुन्या कागदांवर तेच सापडतं. इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली, तेव्हा तिकडच्या यादीत एकच गाव दोन नावांनी दिसलं तर दचकू नका. गावालाही नावापेक्षा क्रमांकच दिलेला बरा. जनगणनेत प्रत्येक गावाला क्रमांक असतो, तो वापरायचा.

आणि सगळ्यांत मोठं कारण आपणच, म्हणजे बायकांची नावं. लग्नाआधी गटात नोंदलेली मुलगी दिघंचीतून म्हसवडला नांदायला येते. तिकडची नोंद कुणी बंद करत नाही आणि इकडे नव्या नावाने नवी नोंद होते. तालुका वेगळा, जिल्हाही वेगळा, त्यामुळे दोन्ही याद्या कधी एकमेकींसमोर येतच नाहीत. एका वस्तीवर माविमचा गट जुना असतो, 'उमेद'चा नंतर झालेला असतो, आणि बाई दोन्हीकडे. ती काही फसवत नसते. कुणीतरी सही मागितली, तिने दिली.

आता काकूंकडे येऊ. आमच्या संगणकात एक नियम घातलेला होता: बाईचं नाव, पतीचं नाव आणि गाव, हे तिन्ही मिळून पुन्हा आले तर नोंद घ्यायची नाही. ऐकायला नियम चांगला वाटतो. पण पतीच्या नावाची जागा रिकामी ठेवली तर? मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांसारख्या सर्व्हरवर रिकामी जागा म्हणजे 'माहीत नाही' असं धरतात, आणि दोन 'माहीत नाही' कधी एकसारखे मानत नाहीत. म्हणजे विधवा, एकल, बिनलग्नाच्या, सोडलेल्या बायकांना हा नियम लागूच होत नव्हता. त्यांचीच नावं यादीत दोनदा, तीनदा येत होती. आम्ही मात्र वर्षभर म्हणत होतो, या बायका दोन गटांत शिरतात.

मग कुणीतरी सुचवलं, ती जागा रिकामी ठेवूच द्यायची नाही. आम्हीही मान डोलावली. पण ज्या बाईला नवरा नाही तिच्यापुढे लिहायचं काय? आम्ही आडवी रेघ मारायला लागलो. त्या रेघेने उलटा घोळ केला. काकूंच्याच गावात, वरच्या आळीला, त्याच नावाच्या आणखी एक बाई आहेत, त्याही विधवा. नाव तेच, गाव तेच, पतीच्या जागी दोघींना आडवी रेघ. काकूंचं नाव भरायला गेल्यावर संगणकाने सांगितलं, ही नोंद आधीच आहे. ऑपरेटरला वाटलं, बरं झालं, काम वाचलं. त्याने वरच्या आळीच्या बाईंचाच क्रमांक काकूंच्या बचतीपुढे टाकला. काकू संगणकात आल्याच नाहीत. त्यांची दोन वर्षांची बचत दुसरीच्या नावावर साठत गेली आणि दुसरीचं कर्ज यांच्या माथी आलं.

आमच्या लक्षात का आलं नाही? तर काकूंच्या गटात दुसऱ्या एका बाईचं नाव रेंजमुळे दोनदा पडलेलं होतं. एक जादा, एक गायब. बेरीज अकराच भरत होती. आकडा जुळला की आपण नावं वाचत नाही, ही आमचीच खोड.

गंमत बघा, गावाला या दोघी कधी सारख्या वाटल्या नाहीत. कुणालाही विचारा, एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. एक दिघंचीवाली, दुसरी मळ्यातली. गावाने ज्याच्या त्याच्या ओळखीची सोय कधीच केलेली आहे. कागदाला मात्र बाई नवऱ्याच्या नावानेच ओळखता येते, आणि नवरा नसला की तो गोंधळतो.

क्रमांक मोबाईलचा घेतला तर चालेल का, असं विचारतात. नाही. घरात एक फोन, त्यावर सासू आणि दोन सुना अशा तिघी. मग आधार? आधार क्रमांक माणसाला एकच असतो हे खरं, पण तो भरणारा हात चुकू शकतो. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आठवा, ३४,०२२ कोटींची कर्जमाफी. अर्ज ऑनलाइन होते, नवरा-बायको दोघांची माहिती मागितलेली होती. याद्या तपासताना एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली, पैसे खात्यावर पडायला उशीर झाला, आणि ज्यांचं काही चुकलेलं नव्हतं तेही बँकेच्या पायऱ्या झिजवत राहिले. आणि आपल्या गटाच्या वहीत, यादीत कुणाचाही पूर्ण आधार क्रमांक लिहून ठेवू नका. ओळख पटवायला शेवटचे चार आकडे पुरतात.

लाडकी बहीण तर सगळ्यांच्या तोंडी आहे. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी पात्र नसताना लाभ घेत असल्याचं आढळलं आणि जूनपासून त्यांचे पैसे थांबवले आहेत. कुणी दुसऱ्या योजनेतही होत्या, एकेका घरात दोनपेक्षा जास्त होत्या, काही ठिकाणी तर पुरुषांनी अर्ज भरले होते. पुरुषांचं सोडा. पण पैसे कायमचे बंद न करता थांबवले, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी होऊन ज्या पात्र ठरतील त्यांचे पुन्हा सुरू होतील असं सांगितलं, ही पद्धत आपण उचलण्यासारखी आहे. कारण यंत्राने काढलेल्या यादीत काकूंसारखी एखादी असणारच.

आता खऱ्या 'भुतां'बद्दल थोडं. आपल्या भागातल्या किती जणी गलाईच्या कामामुळे नवऱ्याबरोबर तमिळनाडू, केरळ, बंगालमध्ये जातात. त्या जातात, नोंद राहते. काही बाया वारतात, तरी यादीत त्यांची बचत शून्य, शून्य अशी चालू राहते. तिसरा प्रकार पोरक्या नोंदींचा. कुणीतरी सभासदाच्या कोष्टकातून नाव पुसलं, पण बचतीच्या कोष्टकात तिचा क्रमांक तसाच राहिला. बेरजेत पैसे दिसतात, बाई सापडत नाही. आणि चौथा अगदी साधा: ३१ मार्चला एकीकडे बेरीज चाललेली असते आणि दुसऱ्या टेबलावर कुणी उरलेल्या नोंदी भरत असतं. पहिली बेरीज वेगळी, चहा पिऊन आल्यावर दुसरी वेगळी. संगणकवालेही अशा मधेच उगवणाऱ्या ओळींना भूत अशाच अर्थाचं नाव देतात. आम्ही त्या दिवशी दुपारी दोननंतर भरणं बंद ठेवतो, की झालं.

काढायचं कसं, ते नीट ऐका, कारण नुकसान इथेच होतं. सभासदाची ओळ पुसली की काही ठिकाणी संगणक तिच्या क्रमांकाची बचत आणि कर्जाच्या सगळ्या ओळीही बरोबर पुसून टाकतो, तसंच त्याला सांगून ठेवलेलं असतं. म्हणून आधी पूर्ण बॅकअप. मग ऑपरेटरला सांगायचं, नाव, गाव आणि गट यांवर 'ग्रुप बाय' लावून एकापेक्षा जास्त वेळा आलेल्या नोंदी काढून दे. फक्त यादी, अजून कशाला हात नाही. ती यादी घेऊन गावात जायचं आणि बैठकीत मोठ्याने वाचायची. एकच बाई आहे असं तिने स्वतः सांगितलं, तर दोन क्रमांकांपैकी जुना ठेवायचा, नव्या क्रमांकावरची बचत जुन्यावर वळवायची आणि नवी नोंद पुसायची नाही, 'बंद' अशी खूण करायची. हे सगळं एका व्यवहारात करायचं, म्हणजे मधे वीज गेली तर अर्धवट न राहता सगळं पहिल्यासारखं होतं. आधीची आणि नंतरची बचतीची बेरीज रुपयाला रुपया जुळली तरच पक्कं करायचं.

काकूंचं काम याहून अवघड निघालं, कारण तिथे दोन नोंदी एक करायच्या नव्हत्या, एकीच्या दोन करायच्या होत्या. त्यांना नवा क्रमांक दिला. मग दोघींना पासबुकं घेऊन शाळेत बसवलं आणि दोन्ही गटांच्या इतिवृत्ताच्या वह्या समोर ठेवल्या. एकाच क्रमांकावरची एकेक ओळ वाचायची आणि ठरवायचं, ही कुणाची. दोघी महिन्याला शंभर रुपयेच भरायच्या, त्यामुळे रकमेवरून काही कळेना. शेवटी तारखेवरून लागलं. एक गट पाच तारखेला बसतो, दुसरा बारा तारखेला. तीन ओळी तरीही लागल्या नाहीत. तेव्हा वरच्या आळीच्या बाई म्हणाल्या, "त्या महिन्यात मी लेकीच्या बाळंतपणाला होते, त्या तिच्याच धरा." हजेरी वही उघडली, तर त्यांच्या नावापुढे तिन्ही बैठकांना गैरहजेरी.

ते व्हायला दोन संध्याकाळी गेल्या. अर्ज पुन्हा गेला, कर्ज आलं, काकूंनी चार शेळ्या घेतल्या. पतीच्या नावाची जागा आमच्या फॉर्ममध्ये अजून आहे, पण ती आता ओळखीसाठी नाही आणि रिकामी ठेवली तरी चालते. त्याऐवजी आळी किंवा वस्ती आणि माहेरचं गाव विचारतो. सभासद क्रमांक पासबुकाच्या पहिल्या पानावर शाईने लिहून देतो. तुमच्या पासबुकावर तो नसेल तर पुढच्या बैठकीला पासबुक घेऊन या, आणि यादी वाचून दाखवा असं सखीला सांगा. आकडा जुळत असला तरीही.